सर्किटवरच्या गाडीला टर्बो की सुपरचार्जर? आधी उष्णतेचा हिशेब मांडा

डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, मोजलेली ताकद दहा-पंधरा सेकंदांची असते. समोर मोठा पंखा, बॉनेट उघडं आणि दोन चाचण्यांच्या मध्ये इंजिनाला विसावा. तीच गाडी सर्किटवर, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर, उतरली की सलग वीस मिनिटं पळते, लॅपचा बराचसा वेळ पूर्ण थ्रॉटलवर. पाचव्या लॅपला इनटेकची हवा तापते, ईसीयू (इंजिनाचा संगणक) टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, बूस्ट (दाबून भरलेल्या हवेचा जादा दाब) कापतो आणि कागदावरची ४०० हॉर्सपॉवर सरळ रस्त्याच्या टोकाला हाताशी उरत नाही. टर्बो आणि सुपरचार्जर दोन्ही इंजिनात जास्त हवा दाबून भरतात; टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर, सुपरचार्जर क्रँकवरून (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून) पट्ट्याने फिरून. म्हणून टर्बो घ्यायचा की सुपरचार्जर, हा प्रश्न मी नेहमी उलट्या बाजूने सोडवतो. गाडी किती उष्णता सतत बाहेर टाकू शकते ते आधी बघायचं, आणि त्यात बसेल तेवढीच ताकद मागायची.

ताकद ठरवा, ती पंधराव्या मिनिटाची

पेट्रोलच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग क्रँकवर पोचतो. जवळपास तेवढाच एक्झॉस्टमधून जातो आणि उरलेला पाणी, ऑईल आणि इंजिनाच्या अंगावाटे बाहेर पडतो. ४०० हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ३०० किलोवॅट. पूर्ण थ्रॉटलवर त्याच्या निम्म्याहून जास्त उष्णता रेडिएटर आणि ऑईल कूलरला बाहेर फेकावी लागते. मूळ १५० हॉर्सपॉवरसाठी बनवलेल्या रेडिएटरवर हा भार टाकला, तर महामार्गावर काहीच जाणवत नाही, कारण तिथे पूर्ण थ्रॉटल फार तर काही सेकंद लागतो. सर्किटवर मात्र तिसऱ्या-चौथ्या लॅपलाच काटा वर सरकायला लागतो.

तेव्हा बंपरमागे जागा किती, रेडिएटर किती मोठा बसेल, इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारा) कुठे जाईल, ऑईल कूलरला स्वतंत्र तोंड मिळेल का, हे टेप घेऊन मोजा. बूस्टचा आकडा त्यानंतर. या क्रमाने गेलात तर बऱ्याचदा लक्ष्य ४०० वरून ३२० वर येतं. ते येऊ द्या. शेवटच्या लॅपपर्यंत टिकणारी ३२० हॉर्सपॉवर, दोन लॅपच टिकणाऱ्या ४०० पेक्षा जलद वेळ काढून देते.

हवा दाबली की तापतेच. किती, ते कॉम्प्रेसरवर ठरतं

हा हिशेब एकदा तरी स्वतः कागदावर करून बघा. बाहेरची हवा ३५ अंश सेल्सिअस आणि बूस्ट ०.७ बार, म्हणजे दाबाचं गुणोत्तर साधारण १.७. कॉम्प्रेसर आदर्श असता तरी हवा ५० अंशांनी तापली असती. प्रत्यक्षात त्या ५० ला कार्यक्षमतेने भागायचं. ७५ टक्के कार्यक्षमतेचा चांगला टर्बो किंवा सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर असेल तर वाढ ६७ अंशांची, आणि हवा बाहेर पडते १०२ अंशांवर. ५५ टक्क्यांचा जुन्या बनावटीचा रूट्स ब्लोअर असेल तर वाढ ९२ अंशांची आणि हवा १२७ वर. बूस्ट तेवढाच, पण इंटरकूलरवरचा भार सव्वापटीहून जास्त. ट्विन-स्क्रू आणि नव्या पिळाच्या रोटरचे ब्लोअर ७० टक्क्यांच्या आसपास जातात, म्हणजे टर्बोच्या बरेच जवळ. पण तेही त्यांच्या सोयीच्या वेगातच. छोटा ब्लोअर लहान पुली लावून जास्त फिरवला की कार्यक्षमता घसरते आणि तो हवा दाबण्यापेक्षा तापवायचंच काम जास्त करतो.

याचं ठळक उदाहरण २०१५ च्या कॉर्व्हेट झेड०६ मध्ये सापडतं. ६.२ लिटर इंजिन, ६५० हॉर्सपॉवर आणि त्यावर १.७ लिटरचा लहानसा सुपरचार्जर, जो २०,००० आरपीएमपर्यंत फिरतो. सर्किटवर गाडी तापून ताकद कमी होते, अशा तक्रारी मालकांकडून आल्या आणि २०१७ च्या मॉडेलमध्ये बॉनेटवरच्या जाळ्या मोठ्या झाल्या. पुढे २०१९ च्या झेडआर१ ला ७५५ हॉर्सपॉवर दिली तेव्हा सुपरचार्जर २.६५ लिटरचा झाला आणि गाडीतल्या एकूण उष्णता-विनिमयकांची संख्या १३ वर गेली. मोठा ब्लोअर सावकाश फिरवायचा आणि थंड करायला ऐसपैस जागा द्यायची, हा धडा आपल्या गाडीलाही जसाच्या तसा लागू आहे.

दोन प्रकारचे सुपरचार्जर आणि टर्बो: तिन्ही पर्याय वळणावर कसे वागतात

पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट सुपरचार्जर, म्हणजे रूट्स किंवा ट्विन-स्क्रू, पाय दाबताक्षणी टॉर्क देतो. अवजड इंजिन आणि रुंद टायर असतील तर हे सुख आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीत वळणातून बाहेर पडताना तोच टॉर्क टायरला झेपत नाही. शिवाय हा ब्लोअर बहुधा इंजिनाच्या डोक्यावरच बसतो, त्यामुळे इंजिनाची उष्णता खालून त्याच्यात शिरत राहते. इंटरकूलरही त्याच्याच पोटात असतो आणि तो पाण्यावर चालणारा असावा लागतो.

सेंट्रिफ्युगलचा बूस्ट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७,००० आरपीएमला ०.७ बार देणारा ५,००० ला जेमतेम ०.३५ बार देतो. रस्त्यावर चालवताना हे मिळमिळीत वाटतं. सर्किटवर मात्र टॉर्क हळूहळू चढत जातो, थ्रॉटल आणि चाक यांचं नातं सरळ राहतं, आणि हवा जास्त तापते ती फक्त वरच्या आरपीएमला. एक्झॉस्टला हात लावावा लागत नाही, त्यामुळे बॉनेटखाली नवी भट्टी पेटत नाही. पहिल्यांदाच बूस्टकडे वळणाऱ्याला, आणि इंजिन मुळातच वर फिरणारं असेल तर, मी हाच पर्याय आधी सुचवतो. पट्टा घसरणं हे याचं खरं दुखणं आहे. चांगला टेन्शनर आणि पुलीला पुरेसा वेढा हवाच.

टर्बो फुकट वाया जाणाऱ्या एक्झॉस्टवर चालतो. क्रँकवरून ताकद खात नाही आणि कार्यक्षमताही चांगली. पण टर्बाइनचं, म्हणजे एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाचं, घर लालभडक होतं, आणि ते नेमकं ब्रेकच्या नळ्या, वायरिंग आणि स्टार्टर यांच्या शेजारी बसतं. जास्त ताकद हवी असेल आणि उष्णतेच्या बंदोबस्ताला वेळ आणि पैसा द्यायची तयारी असेल, तर सर्किटवर टर्बोला तोड नाही. लॅगची, म्हणजे पाय दाबल्यावर बूस्ट उशिरा येण्याची, भीती मात्र बरीचशी रस्त्यावरच्या वापरातून आलेली आहे.

रेनॉने १९७७ साली सिल्व्हरस्टोनला पहिली टर्बो फॉर्म्युला वन गाडी उतरवली, तेव्हा ती इतक्या वेळा धूर सोडत थांबली की तिला 'पिवळी किटली' म्हणू लागले. १९७९ मध्ये एका मोठ्या टर्बोच्या जागी दोन लहान टर्बो आले, प्रतिसाद सुधारला, आणि त्याच वर्षी दिजाँला ज्याँ-पिएर जाबुईने पहिला विजय मिळवला. आज बेअरिंग, ट्विन-स्क्रोल घरं आणि ईसीयू यांनी तो प्रश्न बराच सोपा केला आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात १-४ आणि २-३ अशा जोड्या वेगळ्या नेल्या की एका सिलिंडरची एक्झॉस्टची लाट दुसऱ्याला अडवत नाही आणि टर्बो लवकर जागा होतो.

टर्बोच घ्यायचा असेल तर टर्बाइन मोठी निवडा

सर्किटवर चांगला चालक इंजिन साधारण ४,५०० ते ७,००० आरपीएममध्येच ठेवतो. मग २,५०० ला पूर्ण बूस्ट देणारी लहान टर्बाइन कशाला? ती वरच्या वेगाला एक्झॉस्ट अडवून धरते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब बूस्टच्या दुप्पट झाला की जळालेला गरम वायू सिलिंडरमध्येच राहतो, नॉकिंग (इंधन भलत्या वेळी आपोआप पेटणं) लवकर सुरू होतं, टायमिंग मागे घ्यावं लागतं, आणि मागे घेतलेल्या टायमिंगमुळे एक्झॉस्ट आणखी तापतो. तापलेला एक्झॉस्ट टर्बाइन आणि बॉनेटखालची हवा आणखी तापवतो. हे चक्र एकदा सुरू झालं की कितीही मोठा रेडिएटर त्याला पुरत नाही.

म्हणून टर्बाइनच्या आधी मॅनिफोल्डला एक बारीक स्टीलची नळी जोडा, तिला चार-पाच वेढे देऊन थंड होऊ द्या आणि टोकाला दाबाचा सेन्सर लावा. हा दाब बूस्टच्या दीडपटीच्या आत राहिला तर निवड बरोबर आहे. कॉम्प्रेसरसाठी ढोबळ नियम असा, की मिनिटाला १ पौंड हवा म्हणजे साधारण १० हॉर्सपॉवर. ४०० साठी ४० पौंड. हा बिंदू कॉम्प्रेसरच्या नकाशावर, म्हणजे त्याच्या कार्यक्षमतेच्या आलेखावर, मांडा. तो मधल्या, चांगल्या कार्यक्षमतेच्या पट्ट्यात पडायला हवा, उजव्या कडेला नव्हे. कडेवर तोच बूस्ट मिळतो, पण जास्त तापलेल्या हवेसकट. थ्रॉटल सोडल्यावर सर्ज होऊ नये, म्हणजे दाबलेली हवा कॉम्प्रेसरमध्ये उलटी धडकू नये, म्हणून रीसर्क्युलेशन व्हॉल्व्ह ठेवा, आणि वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारा व्हॉल्व्ह) मुबलक मोठा घ्या. लहान असेल तर लांब सरळ रस्त्यावर बूस्ट आपोआप चढत जातो.

इंटरकूलर: हवेचा की पाण्याचा

सर्किटसाठी माझं मत स्पष्ट आहे. जागा असेल तर हवेवर चालणारा इंटरकूलरच लावा.

कारण हिशेबात आहे. ४०० हॉर्सपॉवरला सेकंदाला सुमारे ०.३ किलो हवा लागते. ती ५० अंशांनी थंड करायची तर इंटरकूलरला १५ किलोवॅट उष्णता काढावी लागते. पाण्याच्या व्यवस्थेत १० लिटर पाणी धरलं, तर नुसत्या साठ्यावर ते पूर्ण थ्रॉटलच्या एका मिनिटात २१-२२ अंशांनी तापतं. ड्रॅग रेसला हे चालतं. शर्यत काही सेकंदांत संपते आणि टाकीत बर्फ टाकता येतो. सर्किटवर टाकीतलं पाणी दोन लॅपमध्ये तापून जातं आणि त्यानंतर सगळं काम पुढच्या लहान रेडिएटरवर आणि पंपाच्या प्रवाहावर येऊन पडतं. म्हणून ब्लोअरमुळे पाण्याचीच व्यवस्था घ्यावी लागली, तर टाकी मोठी करण्यापेक्षा पुढचा रेडिएटर मोठा करा, चांगला पंप बसवा आणि व्यवस्थेतली हवा नीट काढा. पाण्यात अडकलेला एक बुडबुडा अर्धा प्रवाह मारतो.

हवेच्या इंटरकूलरची कार्यक्षमता मोजणं सोपं आहे. आत येणारी हवा १०२ अंश, बाहेरची ३५ आणि बाहेर पडणारी ५२ असेल, तर ६७ पैकी ५० अंश काढले, म्हणजे ७५ टक्के. तीच हवा ७५ अंशांवर आत गेली तर घनता सुमारे ७ टक्क्यांनी घटते, आणि टायमिंगचं नुकसान त्यावर वेगळं. इंटरकूलरच्या आधी आणि नंतर दाबही मोजा. ०.१ बारपेक्षा जास्त पडत असेल तर कोअर (इंटरकूलरचा जाळीदार गाभा) घुसमटतोय, आणि टर्बोला तेवढं जास्त फिरावं लागतंय.

हवेला वाट द्या

रेडिएटर महाग आणि हवेची वाट फुकट, तरी सगळे रेडिएटरवरच खर्च करतात. हवा कोअरमधूनच जाईल अशी सक्ती करणं हे पहिलं काम. बंपरच्या तोंडापासून कोअरच्या कडेपर्यंत ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा जाड फोमने चारही बाजू बंद करा. बोट जाईल एवढी फट दिसली तरी हवा तिथूनच निसटेल, कारण तिला कोअरपेक्षा फट सोपी. तोंड कोअरएवढं मोठं लागत नाही. वाट नीट बंद केलेली आणि आत हळूहळू रुंदावत जाणारी असेल तर कोअरच्या क्षेत्रफळाच्या पाव ते एक तृतीयांश तोंड पुरतं. रुंदावताना हवेचा वेग कमी होतो, दाब वाढतो, आणि ती कोअरमधून सगळीकडून सारखी ढकलली जाते.

त्याहून जास्त दुर्लक्ष होतं ते हवा बाहेर जाण्याकडे. कोअरमधून आलेली हवा तापून फुगलेली असते, तिला आत येण्यापेक्षा बाहेर जायला मोठी जागा लागते. ती बॉनेटखाली कोंडली तर पुढून नवी हवा येतच नाही. बॉनेटला छिद्रं पाडायची ती रेडिएटरच्या लगेच मागे, पुढच्या एक तृतीयांश भागात. तिथे बॉनेटवर दाब कमी असतो आणि हवा वर ओढली जाते. विंडशील्डच्या पायथ्याशी दाब जास्त असतो. तिथे जाळी ठेवली तर उलट हवा आत यायची शक्यता. अंदाज नको असेल तर कोअरच्या पुढे आणि मागे एकेक नळी लावून दाबातला फरक मोजा, आणि बॉनेटवर लोकरीच्या दोऱ्याचे तुकडे चिकटवून मागून गाडीने व्हिडिओ घ्या. दोरे कुठे उभे राहतात आणि कुठे उलटतात ते पाहिल्यावर पत्रा कुठे कापायचा ते आपोआप कळतं.

कोअर एकामागे एक लावावे लागलेच, तर इंटरकूलर सर्वात पुढे आणि रेडिएटर मागे. ऑईल कूलर या रांगेत घुसवू नका. त्याला बंपरच्या कोपऱ्यात स्वतःचं तोंड आणि चाकाच्या खाचेतून बाहेर पडायची वाट द्या.

पाणी आणि ऑईल

पाण्याची उष्णता धरायची क्षमता ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा बरीच जास्त असते. गोठण्याचा प्रश्न नसेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि गंज रोखणारं औषध एवढंच भरा. अनेक सर्किटांवर तसंही ग्लायकॉल चालत नाही, कारण ते सांडलं की ट्रॅक निसरडा होतो. १ बारच्या कॅपमुळे पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही, म्हणून जुनी, सैल स्प्रिंगची कॅप आधी बदला. तापमानाच्या सेन्सरसोबत कूलंटच्या दाबाचा सेन्सरही लावा. माझ्या मते संपूर्ण गाडीत पैसा वसूल करणारी ही सर्वात स्वस्त वस्तू आहे. होज निसटून पाणी गेलं की तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि चुकीचा, कधीकधी कमीच आकडा दाखवतो. दाब मात्र तत्क्षणी पडतो आणि दिवा लागतो. इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) वाचतं ते त्या दिव्यामुळे.

ऑईल १०० ते १२० अंशांत असावं. १३० ला सावध व्हा, १४० ला पाय काढा. थर्मोस्टॅट असलेली प्लेट वापरा, नाहीतर पहिल्या लॅपला थंड, घट्ट ऑईलवरच इंजिन ताणलं जातं. वाढलेला टॉर्क गिअरबॉक्स आणि डिफरन्शियललाही तापवतो. तिथे आधी सेन्सर लावा, कूलर लागतोय का ते तोच सांगेल.

बॉनेटखालची भट्टी

टर्बोला ब्लँकेट, डाऊनपाइपला गुंडाळी, आणि नाजूक वस्तूंपुढे मध्ये हवेची फट ठेवून स्टीलचा पत्रा, या क्रमाने जा. साध्या पोलादाच्या मॅनिफोल्डला गुंडाळी करू नका. धातू जास्त तापतो, ओल धरतो आणि वेल्डजवळ तडकतो. तिथे सिरॅमिक कोटिंग बरं. नवा मॅनिफोल्ड बनवताना ३०४ ऐवजी ३२१ स्टेनलेस घ्या आणि टर्बोचं वजन तोलायला वेगळा आधार द्या. लालभडक पाइपवर टर्बो लटकला की तडा ठरलेलाच.

ब्रेक आणि इंधनाच्या नळ्या टर्बाइनच्या नजरेसमोर राहता कामा नयेत. टर्बोची ऑईलची परतीची नळी जाड, सरळ उताराची आणि संपमधल्या (इंजिनाच्या तळच्या टाकीतल्या) ऑईलच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. टर्बोचा मधला भाग पाण्याने थंड होणारा घ्या आणि पाण्याची परतीची नळी चढती न्या, म्हणजे इंजिन बंद झाल्यावरही गरम पाणी आपोआप वर सरकत राहतं आणि बेअरिंगमधलं ऑईल जळून कोळसा होत नाही. अग्निशमन यंत्रणेशिवाय टर्बोची गाडी सर्किटवर नेऊच नये.

इंजिनाच्या आतली जागा

पिस्टन रिंगची फट वाढवायला विसरू नका. ८६ मिलिमीटर बोअरला साध्या इंजिनात साधारण ०.३५ मिलिमीटर फट चालते. बूस्टवर ती ०.४५ ते ०.५ लागते, नेमका आकडा रिंग बनवणाऱ्याच्या कागदावर असतो. फट कमी पडली तर रिंग तापून टोकाला टोक भिडते आणि पिस्टनची कड उडते. लोक खापर ट्यूनवर फोडतात. स्पार्क प्लग एक पायरी थंड घ्या. इथेनॉल मिसळलेलं इंधन मिळत असेल तर ते बाष्प होताना पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषतं आणि नॉकिंग दूर ठेवतं, पण ई८५ ला (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनाला) इंजेक्टर आणि पंप सुमारे ३० टक्के मोठे लागतात. पाणी-मिथेनॉलचा फवारा वापरलात तर टाकी रिकामी होताच बूस्ट कापणारी व्यवस्था ईसीयूत असायलाच हवी.

ईसीयूला नियम द्या, मग गाडी हळूहळू ताणा

पहिल्या दिवशी वेस्टगेटच्या स्प्रिंगवरचाच बूस्ट ठेवा. नोंदायचे आकडे असे: इंटरकूलरच्या आधीचं आणि नंतरचं हवेचं तापमान, पाण्याचं तापमान आणि दाब, ऑईलचं तापमान आणि दाब, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण), इंधनाचा दाब, एक्झॉस्टचं तापमान. इनटेक ६० अंशांच्या वर गेला की बूस्ट थोडा उतरावा, पाणी ११० ला पोचलं की आणखी उतरावा, ऑईलचा दाब पडला तर इंजिन थांबावं, अशा पायऱ्या आधीच भरून ठेवा. साध्या टर्बोत टर्बाइनच्या तोंडाशी तापमान सतत ९५० अंशांच्या वर राहू देऊ नका.

मग सलग वीस मिनिटं पळवा आणि तिसऱ्या लॅपची शेवटच्या लॅपशी तुलना करा, सरळ रस्त्यावरच्या एकाच ठिकाणी. आकडे वर जाऊन एका जागी स्थिरावले असतील तर ०.१ बार बूस्ट वाढवायला हरकत नाही. शेवटच्या लॅपलाही चढतच असतील तर बूस्ट तसाच ठेवा आणि हवेच्या वाटेकडे परत जा. हवामान थंड असेल त्या दिवशी निकाल काढू नका. बाहेर १५ अंश जास्त असते तर इनटेकचा आकडाही जवळपास तितकाच वर असता.

सेशनचा शेवटचा लॅप बूस्टशिवाय, वरच्या गिअरमध्ये, ब्रेक कमीत कमी वापरून काढा. पिटमध्ये आल्यावर एक-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा, मग बंद करून बॉनेट उघडा आणि पंखे चालू राहू द्या. गार झाल्यावर मॅनिफोल्डचे नट, व्ही-बँड आणि होजचे क्लॅम्प तपासा. टर्बोशेजारच्या वायरिंगच्या आवरणावर आणि रबरावर हात फिरवा. जिथे ते कडक किंवा चमकदार झालं असेल, तिथे पुढच्या सेशनच्या आधी पत्रा लावा.